साडेसात एचपीची शेगडी

अंकिताचा फोन आल्यापासून सुभेदार नानासो ओसरीवर चालत होते. ओसरी लहान आणि पावलं फौजेतली, त्यामुळे चार पावलं टाकली की भिंत यायची आणि वळावं लागायचं. त्यांची बायको रंगुबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांच्या सुपावर सुभेदारांची सावली यायची, जायची, पुन्हा यायची.

"काय म्हणली पोरगी?" शेवटी त्यांनीच विचारलं.

"रविवारी येत्यात. जावईबापू बी."

"मग ह्यात येरझाऱ्या घालण्यासारखं काय हाय?"

"जेवून लगीच पाचगणीला जाणार हायत. जावयाच्या दोस्ताचा बंगला हाय तिथं. मुक्काम तिथं!" सुभेदार थांबले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "लग्नाला चार वर्सं झाली. ह्या घरात त्या माणसानं एक रात काढली न्हाई."

दुखणं खरं होतं. समोरच्या उदयसिंहाचा जावई आला की आठवडा आठवडा हलायचा नाही. रोज सकाळी तो बनियनवर चौकात उभा राहून दात घासायचा. गावच्या लोकांना तो दात घासताना दिसायचा. सुभेदारांना मात्र तो आपल्याला वाकुल्या दाखवतोय असंच वाटायचं. त्या ब्रशाकडे बघून त्यांचा सकाळचा चहा कडू व्हायचा.

बरं, जावयाला 'राहा' म्हणावं, तर तेही जमत नव्हतं. फौजेत कुणी कुणाला राहा म्हणत नाही. तिथं एक तर हुकूम असतो, नाहीतर सुट्टी असते. जावयाला हुकूम सोडता येत नाही आणि आर्जव करायची सुभेदारांच्या जिभेला सवय नव्हती. मग उरलं काय? घरात असं काहीतरी पाहिजे की माणूस आपणहून थांबेल.

"त्या बंगल्यात असं काय हाय गं?"

"मला काय ठावं? मी कवा गेलीया पाचगणीला?"

"बार्बेक्यू हाय म्हणं. हिरवळीवर. जावईबापूंना उघड्यावर भाजून खायला लय आवडतंय, आसं अंकी म्हणली." सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. म्हणजे निर्णय झाला होता. "आपण बी घ्यायचा."

कोळशाचा घ्यायचा नाही, हे मात्र त्यांनी तिथंच ठरवलं. घराच्या तिन्ही अंगांना ऊस, त्यातला अर्धा नुकताच तुटून गेलेला आणि रानभर वाळलेलं पाचट पसरलेलं. एक ठिणगी उडाली असती तर कोंबडीबरोबर आळीतली सगळी रानं भाजून निघाली असती. तेव्हा शेगडी विजेवरचीच घ्यायची होती.

मलकापुरात हायवेला लागून विजेच्या सामानाचं मोठं दुकान होतं. तिथं सुभेदार ग्रिलसमोर असे उभे राहिले की जणू तो बोअरमध्ये सोडायचा पंप आहे.

"किती एचपीची?"

विक्रेता पोरगेला आणि अदबशीर होता. "काका, याला एचपी नसतात. दोन हजार वॅटचं आहे हे."

सुभेदारांनी ओठ हलवून हिशेब केला. "म्हंजी पावणेतीनच्या आत. वाइंडिंग तांब्याचं हाय का अॅल्युमिनियमचं?"

"यात वाइंडिंग नसतं, काका. कॉइल असते."

"मग ती जळली तर?"

"जळत नाही, काका."

"जळत न्हाई तर भाजतंय कशानं?"

विक्रेत्याने मदतीसाठी मालकाकडे बघितलं. मालकांनी गल्ल्यात मान घातली.

पहिल्या दिवशी सुभेदारांनी टेबलावर ठेवायचं छोटं ग्रिल नेलं. रंगुबाई म्हणाल्या, "ह्यापरीस आपला तवा मोठा हाय," म्हणून संध्याकाळी ते परत आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी काचेच्या झाकणाचं नेलं, पण घरी गेल्यावर त्यांना रात्रभर वाटत राहिलं की झाकण म्हटल्यावर ते उघड्यावर भाजणं कसं होईल, तेव्हा तेही परत आलं. तिसऱ्या खेपेला मालकांनी चहा विचारला नाही. त्या दिवशी सुभेदारांनी उभ्या स्टँडचं, खाली दोन चाकं असलेलं ग्रिल पसंत केलं. चाकं त्यांना विशेष आवडली.

"घरी पोचवायला आमचा माणूस येईल, काका."

"येऊ दे की. पर निघणार किती वाजता?"

"इथून?"

"आमच्यातनं."

सुभेदारांची ही जुनी खोड होती. माणूस दारात आला की त्याची परतीची वेळ ठरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी ट्रक भरभरून माणसं वेळेवर हलवण्यात घालवली होती. आता ट्रक नव्हते, पण वेळ विचारायची जीभ तशीच राहिली होती.

संध्याकाळी अंगणात रंगीत तालीम झाली. गुरुवार होता म्हणून कोंबडीच्या जागी वांगी ठेवली. पण गावातली संध्याकाळची वीज म्हणजे नावालाच. गिरणी चालू, घरोघरी टीव्ही चालू, त्यात पाण्याच्या टाक्या भरायच्या मोटारी. ग्रिलचा लाल दिवा मिणमिणत होता. तासाभरानं वांगी कोमट झाली. तेवढ्यात घरातलं मांजर आलं, वांगी नाकानं बाजूला सारली आणि जाळीवर अंग मुडपून झोपलं.

"आवं, त्यापरीस मी अंगणात चुलीवर करते की. नायतरी मटण-कोंबडी कवा घरातल्या गॅसवर चढतीया आपल्यात?"

"चूल नगं! चूल त्येनं लय येळा बगितलीया."

"कवा बगितली? पोरगं हात धुतंय न धुतंय तवर तुमी..."

"आमी काय? जोतीरामला फोन लाव."

जोतीराम हा गावचा वायरमन. आला, ग्रिलकडे बघितलं, मांजराकडे बघितलं आणि तंबाखूची चिमूट दाढेला लावत म्हणाला, "सुबेदार, गावठाणाची लाईन मेलेली हाय. रानातली घ्या. थ्री फेज! दणका हाय तिला."

"रानात लाईट कवा हाय?"

"ह्या आठवड्यात दिवसपाळी. सकाळी येती, साडेचारला जाती."

घरामागून पाणंदीनं थोडं गेलं की विहीर, जांभळाचं झाड आणि मोटारीची खोली होती. जागा पाचगणीपेक्षा कुठंही कमी नव्हती, हे सुभेदारांना पहिल्यांदाच जाणवलं. दुसऱ्या दिवशी जोतीरामनं स्टार्टरची पेटी उघडली आणि वायर ओढली, पण ती स्टार्टरच्या वरून न घेता खालून घेतली.

"आसं का रं?" सुभेदारांनी विचारलं.

"रानातल्या लाईटीचा भरवसा न्हाई. फेज गेला की स्टार्टर पडतोय, म्हणून मोटार वाचती. आता तुमची शेगडी बी वाचंल."

सुभेदारांना हे फार पटलं. तीनदा दुकान हिंडून आणलेली वस्तू जपायलाच हवी होती. रंगुबाईंनी मात्र डोक्यावरचा पदर सारखा करत विचारलं, "म्हंजी शेगडी चालू ठिवायची तर मोटार बी चालू पायजे?"

"व्हय वैनी. त्यात काय बिघडलं? पाणी कुणाला नगं हाय?"

"उसाच्या नव्या लागणीला पाणी द्यायचंच हाय," सुभेदार म्हणाले. "दोन्ही कामं हुत्यात. बरं जोतीराम, निघणार किती वाजता?"

जोतीरामला चहाचा वास आला होता. त्यानं एकदा घराकडे बघितलं आणि मुकाट्यानं पक्कड पिशवीत टाकली.

रविवारी अकराच्या सुमाराला अंकिता आणि राजवर्धनची पांढरी, नवीकोरी गाडी आली. सुभेदार पहाटेपासून फाटकात उभे होते. आनंद त्यांच्या मिशीत मावत नव्हता, पण तोंडातून आलं ते भलतंच.

"आलासा? झ्याक झालं. निघायचं किती वाजता?"

राजवर्धननं हसू आवरून अंकिताकडे बघितलं. अंकितानं आकाशाकडे बघितलं.

"चारपर्यंत निघू, मामा."

"मग गाडी थेट हिरीवर घ्या. जेवान तिकडंच हाय. तुमच्यासाठी खास सोय केलीया."

ग्रिल बघून राजवर्धन खरोखर खूश झाला. त्यानं शर्टाच्या बाह्या सरसावल्या, मसाला लावलेले तुकडे हातात घेतले आणि मग थबकला. "मामा, हा कोंबडा गावरान आहे का?"

"मग? जावयाला बॉयलर घालू? लोकं शेण घालतील तोंडात."

कोंबडा नुसता गावरान नव्हता, वयानंही वडीलधारा होता. अशा कोंबड्याला मंद आचेवर दुपारभर शिजवावं लागतं, हे रंगुबाईंना ठाऊक होतं. पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

सुभेदारांनी स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं. खोलीत धाडकन आवाज झाला, पाइपानं दोन गुळण्या टाकल्या आणि पाटात पाण्याचा लोंढा सुटला. त्याच क्षणी ग्रिलचा लाल दिवा ठळक पेटला.

"मामा, पाणी कशाला सोडलं?"

"ती शेगडीची शिष्टीम हाय," सुभेदार म्हणाले.

पहिला तास मजेत गेला. धूर नाही, राख नाही, जांभळाची सावली, पाण्याचा आवाज. राजवर्धन तुकडे उलटत होता, तेल लावत होता, पुन्हा उलटत होता. मधूनच सुरी टोचून म्हणायचा, "अजून कच्चं आहे." दुसऱ्या तासालाही तो तेच म्हणाला, तिसऱ्यालाही. कोंबडा बाहेरून काळा झाला होता, पण आतून हार मानत नव्हता.

इकडे लागणीचं रान पिऊन तृप्त झालं. सऱ्या काठोकाठ भरल्या. सुभेदारांनी खोरं उचललं, पळत जाऊन पाटाचं बारं मोडलं आणि पाणी शेजारच्या तुकड्यात वळवलं. परत येऊन जावयाशी हसून दोन शब्द बोलतात न बोलतात, तोवर तोही तुकडा भरला. पुन्हा पळाले. धोतर गुडघ्यावर, मिशीला चिखल, आणि दर खेपेला ग्रिलपाशी येऊन प्रश्न एकच.

"झालं का?"

"थोडंच राहिलं, मामा."

"आप्पा, मोटार बंद करा की!" अंकिता ओरडली. "सगळं रान तळं झालंय."

"बंद केली की शेगडी गार! परत तापायला अर्धा तास. मग तुमाला निघायला उशीर न्हाई का हुनार?"

हे बोलता बोलताच त्यांच्या पाठीमागे पाटाचा बांध फुटला. पाणी पाणंदीत शिरलं. पाणंद काळ्या मातीची, आणि तिच्या सगळ्यात सखल भागात, जांभळाच्या सावलीला, जावयाची नवी गाडी उभी होती. सुभेदार खोरं टाकून धावले. त्यांनी हातानं चिखल ओढला, दगड टाकले, शेवटी स्वतः आडवे उभे राहिले. साडेसात एचपीच्या मोटारीपुढं एका सुभेदाराचा काय पाड लागणार?

साडेचारला वीज गेली. मोटार थांबली, दिवा विझला आणि रानात एकदम शांतता पसरली. राजवर्धननं एक तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिला. मग तो हळूच म्हणाला, "चव चांगली आलीय." गिळला मात्र नाही.

गाडी सुरू झाली, पण हलली नाही. चाकं जागच्या जागी फिरली, खोल गेली आणि दारापर्यंत चिखल उडाला. सुभेदारांचा चेहरा पडला. ज्या माणसाला थांबवण्यासाठी त्यांनी आठवडाभर जिवाचं रान केलं होतं, त्याला आता काहीही करून इथून बाहेर काढायचं, या एकाच ध्यासानं ते पेटले. जावई मुक्कामाला राहिला म्हणून मिरवणं वेगळं आणि सासऱ्यानं जावयाची गाडी बुडवली म्हणून गावानं हसणं वेगळं.

"घाबरू नगा, पाव्हणं. ट्रॅक्टर हाय. आत्ता ओढतो!"

ट्रॅक्टर शेडमध्ये होता. ओसरीतल्या खिळ्यावर त्याची किल्ली असायची. खिळा रिकामा होता.

सुभेदारांनी कपाट उपसलं, ट्रंक उपसली, गादीखाली बघितलं, म्हशीच्या गव्हाणीत हात घातला. "हितंच हुती! सकाळी बगितली मी!" रंगुबाईही शोधत होत्या, पण शोधता शोधता त्यांनी अंगणात तीन दगड मांडले, चूल पेटवली, खोबरं भाजलं आणि मसाला वाटायला घेतला. सुभेदार उदयसिंहाकडे पळाले. उदयसिंहाचा ट्रॅक्टर उसाची ट्रॉली घेऊन कारखान्यावर रांगेत उभा होता. गावातले बाकीचे ट्रॅक्टरही तिथंच होते.

"उद्या सकाळी मोकळा हुईल," उदयसिंह म्हणाला. "पर तुमच्या रानात आज पाऊस पडला का काय?"

सुभेदारांनी तिथूनच पाय मागं वळवले.

दिवेलागणीला अंगणात रश्श्याचा वास दरवळला. ग्रिलवर न शिजलेला कोंबडा चुलीवरच्या पातेल्यात गुमान शिजला होता. राजवर्धन पाय धुऊन, सुभेदारांची फौजेतली ट्रॅक पँट घालून चुलीपुढं पाटावर बसला होता आणि भाकरी कुस्करून तिसरी वाटी रस्सा ओतून घेत होता. सुभेदारांना घास जात नव्हता. ते उठायचे, खिळ्याकडे बघून यायचे, परत बसायचे.

"पाव्हणं, चूक झाली," शेवटी ते म्हणाले. "चारला निघायचं हुतं तुमाला. माज्यामुळं खोळंबा झाला."

राजवर्धननं वाटी खाली ठेवली. "मामा, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"बोला की."

"लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी चार दिवस राहायच्या तयारीनं आलो होतो. गाडीतून उतरलो आणि तुम्ही पहिलंच विचारलंत, निघायचं किती वाजता? मग मी बॅग डिकीतून काढलीच नाही. म्हटलं, मामांना गर्दी आवडत नसेल. तेव्हापासून दर खेपेला ती बॅग येते आणि तशीच परत जाते."

"आजपण आहे डिकीत," अंकिता म्हणाली. "आप्पा, पाचगणीला आम्ही जातो कारण इथून निघाल्यावर कुठंतरी राहायला तर पाहिजे! आणि तिथल्या बार्बेक्यूवर ते लोक टॉवेल वाळत घालतात."

सुभेदारांनी रंगुबाईंकडे बघितलं. रंगुबाई चुलीतलं लाकूड मागं ओढत होत्या.

"तुला ठावं हुतं?"

"मी सांगाय लागले की तुमी फोन लावाय सांगताय," त्या म्हणाल्या.

सुभेदारांना स्वतःची अशी लाज वाटली की चुलीच्या उजेडात बसणं नको झालं. उभ्या आयुष्यात त्यांनी शेकडो माणसं वेळेवर रवाना केली होती आणि त्याच हिशेबात आपल्या लेकीलाही चार वर्षं रवाना केलं होतं. ते उठले, बॅटरी घेतली आणि पाणंदीनं चालू लागले.

"मामा, कुठं निघालात?"

जरा वेळानं बॅटरीचा उजेड परत येताना दिसला. सुभेदार मांडीपर्यंत चिखलात माखले होते, एक चप्पल पाणंदीत राहिली होती आणि खांद्यावर जावयाची बॅग होती. ती त्यांनी आतल्या खोलीत पलंगावर नेऊन ठेवली. बॅगेला चिखलाचा एक थेंबही लागला नव्हता.

सकाळी राजवर्धन तीच ट्रॅक पँट घालून, तोंडात ब्रश धरून चौकात उभा होता. समोरून उदयसिंहानं दोनदा बघितलं. सुभेदार ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. कितीतरी दिवसांनी ते चालत नव्हते, बसले होते. कोपऱ्यात विहिरीवरून आणून ठेवलेल्या ग्रिलवर मांजर झोपलं होतं.

रंगुबाई चहा घेऊन आल्या. कप ठेवून त्यांनी पदराच्या टोकाची गाठ सोडली आणि ट्रॅक्टरची किल्ली काढून पुढं धरली. "गावली बगा."

सुभेदारांनी किल्लीकडे बघितलं, मग पदराकडे. सगळा प्रकार त्यांच्या ध्यानात आला. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात राजवर्धन तोंड पुसत ओसरीवर आला आणि त्याला बघताच जीभ आपोआप सुटली.

"मग पाव्हणं, किती वाजता..."

रंगुबाईंचा हात किल्लीसह मागं गेला. सुभेदारांची नजर त्या हातावर गेली.

"...किती वाजता आंगूळ करणार तुमी?" ते घाईघाईनं म्हणाले. "न्हाई, म्हंजी... बंब पेटवायला बरा. आन आज ऱ्हावा. उद्या बी ऱ्हावा."

राजवर्धन हसला आणि खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसला. रंगुबाईंनी तरीही किल्ली पदरात घातली आणि गाठ पक्की मारली.